मुंबईत परवडणारं भाड्याचं घर: आधी स्वस्ताईचं कारण विचारा

प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको दोघंच, साताऱ्याहून मुंबईत यायचंय. नवऱ्याची नोकरी बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), बायकोची ठाण्यात वागळे इस्टेटला. भाडं महिना २० हजारांच्या वर झेपणार नाही, सुरुवातीच्या खर्चाला हातात लाखभर रुपये आहेत. नातेवाईक म्हणतात सरळ डोंबिवली गाठा. एक एजंट म्हणतो वडिलांची एफडी मोडा, दहा लाख हेवी डिपॉझिट द्या, मग भाडंच नको. आणि वेबसाइटवर दिसणारं प्रत्येक स्वस्त घर फोन केला की "आत्ताच गेलं" असतं. मग शोधायचं कसं?

मी ठाणे-मुलुंड पट्ट्यात भाड्याच्या घरांचंच काम करतो, म्हणजे तुम्ही ज्यांच्या नावानं खडे फोडताय त्यांच्यातलाच एक. तेव्हा आमच्या धंद्याच्या सवयींसकट सांगतो.

या शहरात कुठलंही घर चुकून स्वस्त नसतं. मालकाला भाव माहीत असतो. त्याला नसला तर वॉचमनला असतो, आणि तिथंही कमी पडलं तर सांगायला आम्ही टपलेले असतोच. आसपासच्या भावापेक्षा तीन-चार हजार कमी भाडं असेल तर त्याला कारण असणारच, आणि पहिल्या फोनवर विचारायचं ते हे कारण. सापडलं की एकच बघायचं: हे कारण मला बोचतंय का? चौथा मजला आणि लिफ्ट नाही, हे गुडघेदुखीच्या आजींना बोचतं, तुम्हा दोघांना नाही. रूळांना लागून इमारत आहे, रात्री शेवटच्या लोकलपर्यंत खडखडाट. तान्हं बाळ असलेल्या घराला ते नको, तुम्हाला आठवड्यात सवय होईल. घरात पंखेसुद्धा नाहीत, किचनला ट्रॉल्या नाहीत. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या एकट्या मुलाला ते नको असतं, पण तुमच्याकडे लग्नातला संसार आहेच. अशा घरांना गिऱ्हाईक कमी, म्हणून भाडं कमी. तुमची कमाई तिथं आहे. उलट काही कारणं अशी असतात की ती कोणालाही बोचावीत. त्यांच्याकडे पुढं येतो.

आधी एरिया. लोक नकाशा उघडून ऑफिसपासून किलोमीटर मोजतात. मुंबईत किलोमीटरला काही अर्थ नाही. बसता येतं का, गाडी किती वेळा बदलायची आणि पावसाळ्यात शेवटचा टप्पा किती लांबतो, एवढं बघा. तुमच्या मिसेसना ठाणं आणि तुम्हाला बीकेसी, म्हणजे मध्य रेल्वे सोडून कुठं बघूच नका. वेस्टर्नला कितीही स्वस्त मिळालं तरी दोघांपैकी एकाचे हाल ठरलेले. मध्य रेल्वेवर तुमच्यासाठी खरी रेघ ठाण्याला पडते. ठाण्याच्या अलीकडे राहिलात तर बीकेसीला जाताना निदान गाडीत पाय ठेवायला जागा मिळते, ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो गाड्या आहेत. पलीकडे, दिवा-डोंबिवलीकडे गेलात की सकाळची फास्ट म्हणजे दारात लटकणं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवासी दगावले, ते याच पट्ट्यात. डोंबिवली वाईट नाही, गावकी आहे, मराठी शेजार आहे, भाजी स्वस्त आहे, आणि तुमच्या बजेटमध्ये वन बीएचके मिळून वर थोडे पैसे उरतील. पण बीकेसीसाठी कुर्ल्याला उतरून पुढं शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, तेही डोंबिवलीहून, असं रोज करणारी माणसं वर्ष-दीड वर्षात ठाण्याच्या अलीकडे घर शोधायला माझ्याकडेच येतात. दोघांचीही नोकरी ठाण्यात असती तर मी स्वतः डोंबिवली सुचवली असती.

तुमच्या २० हजारांत मला तीन जागा दिसतात. मुलुंड पूर्व किंवा भांडुप, तिथं वन रूम किचन, तीही जुन्या बिनलिफ्टच्या इमारतीत. पण मुलुंडहून कुर्ला स्लो गाडीनं अर्ध्या तासाच्या आत आणि वागळे इस्टेट चेकनाक्यावरून बस-रिक्षाच्या टप्प्यात. दुसरी जागा ठाणे पूर्व, कोपरी. स्टेशन चालत, इमारती जुन्या. तिसरी कळवा-खारेगाव-पारसिक नगर. ठाण्यापुढचं एकच स्टेशन, पण नावाला वजन नाही म्हणून भाडं कमी, आणि तुमच्या पैशांत व्यवस्थित वन बीएचके बसतो. एक स्टेशन मागं येऊन ठाण्यात गाडी बदलायची तयारी हवी. माझी पसंती कोपरीला, आणि कोपरीत नाहीच जमलं तर कळव्याला.

बीकेसीला जायला कुर्ल्याच्या रिक्षांवर अवलंबून राहायचं नसेल तर दुसरी वाट आता झाली आहे. घाटकोपरला उतरून मेट्रो १ नं मरोळ नाका, तिथून भुयारी मेट्रो ३ नं बीकेसी. वळसा आहे, तिकीट जास्त आहे आणि घाटकोपरच्या मेट्रो जिन्यावर सकाळी खांद्याला खांदा लागतो. पण पाऊस धो धो पडतोय आणि कुर्ल्याच्या रस्त्यावर काहीच हलत नाहीये अशा दिवशी वाट हाताशी असलेली बरी. जाता जाता: वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ चे खांब दाखवून भांडुप-मुलुंडला एलबीएस रोडच्या कडेचे मालक आतापासूनच भाडं चढवून सांगतात. जी मेट्रो धावतेय तिचं भाडं द्या. जी धावणार आहे तिचं मालकानं घर विकताना मिळवावं.

आता पैशांचं गणित, कारण बहुतेकांची गाडी भाड्यावर नाही, सुरुवातीच्या रकमेवर अडते. समजा २० हजार भाडं. आमच्या पट्ट्यात डिपॉझिट साधारण तीन महिन्यांचं मागतात, ६० हजार. दलाली एक महिन्याचं भाडं, २० हजार. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, २० हजार. झाला लाख. अजून करार, टेम्पो, गॅस, पडदे आणि पहिल्या महिन्याचा किराणा राहिलाय. म्हणजे हातात लाख असलेल्या माणसानं २० हजारांचं घर बघायचं नसतं, १७-१८ चं बघायचं असतं. किंवा डिपॉझिट दोन महिन्यांवर आणायचं, आणि ते येतं. २०२१ च्या मॉडेल टेनन्सी कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट नको असं म्हटलंय खरं, पण तो केंद्राचा नमुना आहे, राज्यानं आपला कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. मालकासमोर त्याचा दाखला देऊ नका, हसेल. त्यापेक्षा सांगा, "दोन महिन्यांचं डिपॉझिट घ्या, दोन वर्षं राहतो, भाडं एक तारखेला बँकेतून आपोआप येईल." दर अकरा महिन्यांनी घर रिकामं होणं हे मालकाचं खरं दुखणं असतं. एक महिना घर बंद राहिलं की त्याचे २० हजार गेलेच, वर रंग आणि दुरुस्ती.

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, व्यवसायबंधू रागावतील. ११ महिन्यांच्या करारावर २० हजार दलाली म्हणजे महिन्याला १,८०० रुपये छुपं भाडं. तोच करार ३३ महिन्यांचा केला आणि दलाली एकदाच दिली तर ते महिन्याला ६०० वर येतं. बरेच एजंट ११ महिन्यांनी नूतनीकरणाला पुन्हा अर्धी किंवा पूर्ण दलाली मागतात. पहिल्या भेटीतच विचारा, रिन्यूअलला काही घेणार का, आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. ११ महिन्यांच्याच करारात काही कायदेशीर जादू आहे असं लोकांना वाटतं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याचा करार ११ महिन्यांचा असो की ३३ चा, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे त्याची नोंदणी करावीच लागते. मग दर वर्षी तोच तमाशा कशाला?

शोधायचं कुठं? वेबसाइट भाव कळण्यापुरत्या ठीक. चार-सहा दिवस रोज बघा, कुठल्या भागात कोणत्या घराला काय मागतात त्याचा अंदाज बसेल. पण तिथली फोटोतली चकचकीत स्वस्त घरं बरेचदा आमच्याच लोकांनी फोन यावेत म्हणून लावलेली असतात. घर कधीचं गेलेलं असतं, जाहिरात तशीच. "डायरेक्ट ओनर" लिहिलेल्या नंबरावरही पलीकडे एजंटच निघतो. आणि एक प्रकार तर निव्वळ फसवणुकीचा: मालक सैन्यात आहे, बदली झालीय, घर दाखवायला येऊ शकत नाही, ओळखपत्राचा फोटो पाठवतो आणि गेटपाससाठी किंवा टोकन म्हणून क्यूआर कोडवर पैसे टाका म्हणतो. घराच्या आत उभं राहिल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. घर नुसतं दाखवायचे पैसे मागणाऱ्या एजंटलाही नाही.

खरी स्वस्त घरं इंटरनेटवर पोहोचतच नाहीत. ती इमारतीतल्या इमारतीत जातात. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास कोपरी किंवा मुलुंड पूर्वेला दोघांनी मिळून पायी फिरा. दोघांनी, हे मुद्दाम सांगतोय. जोडपं दिसलं की वॉचमन सरळ बोलतो. त्याला विचारा, "इथं कोणाचं घर रिकामं आहे का?" इस्त्रीवाल्याला विचारा, कुणी घर सोडून गेलं तर त्याचं गिऱ्हाईक तुटतं, त्याला बरोबर ठाऊक असतं. किराणा दुकानदाराला विचारा. ज्या खिडक्यांना पडदे नाहीत आणि ग्रिलमध्ये वाळत घातलेला एकही कपडा नाही, ते मजले मोजा आणि सेक्रेटरीला विचारा. वॉचमननं घर मिळवून दिलं तर त्याच्या हातावर काहीतरी ठेवावं लागतं, पण ते एका महिन्याच्या दलालीच्या आसपासही जात नाही. (तरीही करार, नोंदणी, मालकाशी घासाघीस, हे सगळं ज्याला जमत नाही त्यानं एजंट घ्यावा. चांगला एजंट भाडं उतरवून स्वतःची दलाली तुम्हाला भरून काढून देतो. वाईट एजंट मालकाला गुपचूप सांगतो, "अजून हजार मागा, पार्टी देईल.")

वेळही पकडावी लागते. एप्रिलपासून जूनपर्यंत शाळांमुळे सगळी कुटुंबं घरं बदलतात, तेव्हा मालक ऐकत नाही. पावसाळा लागला की गर्दी ओसरते. आणि पितृपक्षात तर आमच्या ऑफिसात शुकशुकाट असतो, त्या पंधरवड्यात नव्या घरात जायला कोणी तयार नसतं. जुलै-ऑगस्टपासून रिकामं पडलेलं घर पितृपक्षातही तसंच असेल तर मालकाला एकेक दिवस जड होतो. तुम्हाला घरच्यांची समजूत घालता येत असेल तर त्या पंधरा दिवसांत टोकन देऊन भाव बांधून घ्या आणि राहायला घटस्थापनेला जा. दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

अजून एक, जे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. या पट्ट्यात जुन्या इमारती धडाधड रिडेव्हलपमेंटला चालल्या आहेत. एक इमारत खाली झाली की तिथली पंधरा-वीस कुटुंबं एकदम त्याच गल्लीत भाड्याचं घर शोधतात, कारण मुलांची शाळा तिथंच असते, आणि त्यांचं भाडं बिल्डर देणार असतो म्हणून हात सैल असतो. त्या महिन्यात त्या गल्लीचा भाव चढतो. एजंटला विचाराच, "आसपास कुठली बिल्डिंग खाली होतेय?" होत असेल तर चार गल्ल्या पलीकडे बघा. उलट बाजूही आहे. ज्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट वर्ष-दोन वर्षांत व्हायचंय, तिथला मालक घरावर खर्च करत नाही, गिऱ्हाईकही कचरतं, आणि भाडं उतरतं. सामान कमी असलेल्या जोडप्याला हे उत्तम. करारात एवढंच लिहून घ्या की इमारत खाली करायची वेळ आली तर दोन महिने आधी लेखी सांगायचं आणि त्या परिस्थितीत लॉक-इन, म्हणजे ठरावीक महिने करार मोडायचा नाही ही अट, लागू नाही. मात्र पालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते, त्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक या वर्गात ती इमारत नाही ना, हे बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका. सी-१ खाली करावीच लागते, कधीकधी पोलीस आणून.

आता बोचायलाच हवीत अशी कारणं. कळवा, मुंब्रा, दिवा आणि डोंबिवलीच्या काही भागांत फार स्वस्त आणि फार नवी घरं दिसतात. टाइल्स चकाचक, लिफ्ट चालू, भाडं शेजारच्या जुन्या सोसायटीपेक्षा कमी. हे उलटं आहे, आणि उलटं असलं की इमारतच बेकायदा असण्याची शंका घ्यायची. शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमध्ये अशीच एक इमारत ४ एप्रिल २०१३ ला बांधकाम चालू असतानाच कोसळली, ७४ माणसं गेली, आणि लोक तेव्हाच त्यात राहायला आलेले होते. कल्याण-डोंबिवली पालिकेच्या हद्दीत ६५ इमारतींनी खोटी परवानगीपत्रं जोडून महारेराची, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणीसुद्धा मिळवली होती. उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये त्या पाडायचा आदेश दिला. तिथं भाडेकरूला कोण विचारतो? डिपॉझिट मालकाकडे अडकलेलं आणि मालक स्वतःच रस्त्यावर.

भाडेकरूनं हे तपासायचं कसं? मालकाला तीन कागद मागा: वीजबिल, मालमत्ता कराचं बिल आणि सोसायटीची मेंटेनन्सची पावती. वीजबिलावर नाव मालकाचंच आहे का बघा. कराच्या बिलाचा अर्थ नीट समजून घ्या, कारण पालिका बेकायदा बांधकामाकडूनही कर घेते, म्हणजे नुसतं बिल असणं हा काही पुरावा नाही. त्यात अवैध बांधकामाची शास्ती, म्हणजे दंड, लावलेली असेल तर समजायचं ते समजा. सोसायटी नोंदणीकृत असेल तर गेटवरच्या पाटीवर नोंदणी क्रमांक असतो. पाटीवर फक्त "अमुक अपार्टमेंट" आणि मेंटेनन्स बिल्डरचा माणूस रोख गोळा करत असेल तर तिथून निघा. म्हाडाचं किंवा एसआरएचं (झोपडपट्टी पुनर्वसनातलं) घर असेल तर भाड्यानं द्यायला परवानगी आहे का, ते कागदावर बघा. एसआरएची घरं ठरावीक वर्षं दुसऱ्याला देता येत नाहीत, म्हणून तिथं करार नोंदवायला मालक टाळाटाळ करतो. करार न नोंदवणारा मालक कितीही गोड बोलला तरी मी गिऱ्हाईकाला उठवतो.

हेवी डिपॉझिटचं विचारलंत. दहा लाख द्या, भाडं शून्य किंवा नाममात्र, सोडताना दहा लाख परत. हिशोबाला मोहक वाटतं: एफडीवर सात टक्के धरले तर वर्षाचे ७० हजार, म्हणजे महिन्याला सहा हजारांच्या आत वन बीएचके. मालक असं का करतो, हे मात्र कोणी विचारत नाही. त्याला एकरकमी पैसे हवे असतात. लग्न, धंद्यातली देणी, दुसऱ्या घराचं डाउन पेमेंट. म्हणजे तुमचे दहा लाख पहिल्याच आठवड्यात खर्च झालेले असतात, आणि तुम्ही सोडताना ते परत येणार पुढच्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून. पुढचा मिळाला नाही तर तुम्ही घरात अडकता. त्या घरावर बँकेचं कर्ज असेल आणि हप्ते थकले तर बँक ताबा घ्यायला येते, आणि तुमच्या दहा लाखांना त्या घरावर कसलाही हक्क नसतो, ते नुसतं उसनं दिल्यासारखं असतं. वडिलांची एफडी यासाठी मोडू नका. एजंटला यात रस का, तर हेवी डिपॉझिटच्या व्यवहाराला दलाली वेगळ्या हिशोबानं घेतात, ती भाड्याच्या व्यवहारापेक्षा जड जाते. मधला मार्ग आहे: हाताशी जास्तीचे लाख-दीड लाख असतील तर तेवढं डिपॉझिट वाढवा आणि त्या बदल्यात भाडं कमी करून घ्या. आमच्याकडे लाखाला महिना हजार असा ढोबळ हिशोब चालतो. एवढी रक्कम बुडाली तर वाईट वाटेल, पण कंबर मोडणार नाही. ती मात्र पूर्णच्या पूर्ण करारात लिहा आणि बँकेतूनच द्या.

घर बघायला सकाळी जा. संध्याकाळी जाणं ही सगळ्यांची सवय असते, आणि संध्याकाळी घराचे दोष दिसत नाहीत. सकाळी सातच्या सुमारास किचनचा नळ, बाथरूमचा नळ आणि फ्लश तिन्ही एकदम चालू करा. दोन मिनिटांत किचनच्या नळाची धार करंगळीएवढी झाली तर वरच्या टाकीचं पाणी पुरत नाही. शेजारच्या दारावर टकटक करून विचारा, पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, टँकर मागवावा लागतो का. मालक सांगतो "चोवीस तास", शेजारची बाई खरं सांगते. मग बाथरूमचं छत, बेडरूमचा बाहेरच्या बाजूचा कोपरा आणि कपाटामागची भिंत यांवर हात फिरवा. नवा रंग दिलेला असला तरी ओल हाताला कळते, रंग फुगलेला लागतो. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत ताजी असेल तर त्या भिंतीबद्दल विचारा. मुंबईत घर बघायला पावसाळ्यासारखा महिना नाही, काहीच लपत नाही. वीजमीटरच्या आकड्याचा फोटो घ्या, गॅसचं आधीचं बिल भरलंय का बघा. चावी हातात आली की सामान आत न्यायच्या आधी मालकासमोर सगळ्या घराचा व्हिडिओ काढून त्यालाच पाठवून ठेवा. सोडताना "हा डाग तुमचा" म्हणून रंगाचे १५ हजार कापायला निघालेला मालक त्या व्हिडिओपुढं नरम पडतो.

खाण्याचं आणि आडनावाचं. मुलुंड, घाटकोपरच्या काही सोसायट्यांत "व्हेज फॅमिली ओन्ली" हे फोनवरच सांगतात, काही ठिकाणी सांगत नाहीत पण फिरवत ठेवतात. २०२३ मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली तेव्हा महाराष्ट्रभर बोंब झाली, पण व्यवहारात फार काही बदललं असं मी म्हणणार नाही. मासे खात असाल तर पहिल्या फोनवर सांगा. लपवून घर घेतलंत तर डिपॉझिट त्याच्या खिशात आणि वास तुमच्या किचनमध्ये, भांडणात वरचढ कोण ते उघड आहे. सोसायटीचा सेक्रेटरी "आधी कमिटीची परवानगी, मग मुलाखत" म्हणाला तर नम्रपणे भेटा, पण सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत मालकानं सोसायटीला कळवणं अपेक्षित आहे, परवानगीची भीक मागणं नाही. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी घेते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे, आणि ते द्यायचे मालकानं. "मेंटेनन्स वेगळा" म्हणून हे तुमच्या माथी मारतात, तेव्हा बोलणी करताना विचारा: भाड्यात मेंटेनन्स धरलाय का, आणि त्याची पावती दाखवा.

कराराला घाबरू नका, खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का: सगळ्या मुदतीचं भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के मानीव व्याज, या बेरजेवर. २० हजार भाडं, ६० हजार डिपॉझिट आणि २२ महिने धरले तर बेरीज ४,५१,००० होते, शुल्क सव्वाअकराशेच्या घरात. पालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. माणूस घरी मशीन घेऊन येतो, आधारवर अंगठे घेतो, त्याची मजुरी वेगळी. हा सगळा खर्च मालक आणि तुम्ही अर्धा अर्धा करा. नोटरी केलेल्या कागदावर भागवू म्हणणाऱ्याला नाही म्हणा. नोंदणीची जबाबदारी कायद्यानं मालकाची आहे, ती न केल्यास त्याला शिक्षेची तरतूद आहे आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. पण तुम्हाला त्या वादात पडायचं नाहीये, तुम्हाला गॅसच्या आणि पासपोर्टच्या पत्त्यासाठी नोंदवलेला करार हवाय.

मसुदा आला की चार ओळी शोधा. नोटीस एक महिन्याची, आणि दोन्ही बाजूंनी. लॉक-इन असेल तर तोही दोन्ही बाजूंना. फक्त भाडेकरूला बांधणारा लॉक-इन खोडायला लावा. वाढ किती: दर अकरा महिन्यांनी पाच टक्के मान्य करा, दहाला घासाघीस करा, "बाजारभावाप्रमाणे" लिहिलं असेल तर सही करू नका. आणि डिपॉझिट परत कधी: "चावी दिल्या दिवशी" असं लिहा, "बिलं तपासून नंतर" नाही. करार तुम्हा दोघांच्याही नावावर घ्या. दोघांच्या बँकेला, ऑफिसला आणि आधारला पत्ता लागतोच. जुन्या कर पद्धतीत राहून घरभाडे भत्त्याची सूट घेणार असाल तर वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेल्यामुळं मालकाचा पॅन लागेल. टोकन देण्याआधी विचारा, नंतर तो देत नाही. "अर्धं भाडं रोख" म्हणणाऱ्या मालकाला सांगा की रोख जमणार नाही, बँकेतून सगळं घेत असाल तर उद्या टोकन टाकतो.

आणि मुदत संपायची तारीख मोबाइलवर दोन महिने आधीची लावून ठेवा. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालक सक्षम अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि तोपर्यंतच्या काळाची दुप्पट भाड्यानं भरपाई मागू शकतो. "बोलणं झालंय, करू रिन्यू" यावर तीन-तीन महिने काढणारे मालक आणि भाडेकरू दोन्ही रोज बघतो. भाडेकरूची पोलिसांकडची माहिती मालकानं ऑनलाइन भरायची असते. तुम्ही फोटो, आधार आणि ऑफिसचं पत्र तयार ठेवा, आणि भरल्याची प्रत मागून घ्या. टेम्पो आणायच्या आदल्या दिवशी सेक्रेटरीला फोन करून सामान चढवायची वेळ विचारा. बऱ्याच सोसायट्या रविवारी किंवा रात्री आठनंतर लिफ्टनं सामान नेऊ देत नाहीत, काही जण शिफ्टिंग चार्जेस म्हणून हजार-दोन हजार घेतात, आणि टेम्पोवाला खाली उभा राहिला की थांबण्याचे वेगळे लावतो.